अप्पालाही पुढे बोलव

संकगिरी, १८ मे

पावायी,

पूजेच्या दिवशी लॉरीच्या चाकाखाली ठेवलेली लिंबं चिरडली गेली, ती अजून दारात तशीच पडली आहेत. वाळून काळी झाली. झाडायचं म्हणून दोनदा केरसुणी घेऊन बाहेर गेलो आणि परत आलो. दारातलं तूच झाडायचीस.

कापूर विझायच्या आत तू घरात गेलीस, मला वाटलं ताट ठेवायला गेलीस. बाहेर आलीस ती पिशवी घेऊन. पुरोहित दक्षिणेसाठी उभे, शेजारपाजारचे केळीच्या पानावर जेवायला बसलेले, आणि तू सगळ्यांच्या मधून बसथांब्याकडे निघून गेलीस. "मास्तरीणबाई कुठे निघाल्या?" असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "भावाला लॉरीची बातमी द्यायला." बातमी द्यायला कुणी चार लुगडी घेऊन जात नाही, हे जेवणाऱ्यांनाही कळत होतं. पण पायसम चांगलं झालं होतं, कुणी पुढे विचारलं नाही.

लोक म्हणतात, या वयात ठेव मोडून, वर कर्ज काढून लॉरी घेतली म्हणून बायको रुसली. म्हणू देत. या गावात प्रत्येक तिसऱ्या दारात लॉरी उभी असते. ज्यांना मी वर्गात बाकावर उभं केलं त्यांच्या पाच-पाच लॉऱ्या झाल्या. एक तमिळ शिकवणारा म्हातारा एक जुनी लॉरी घेतो तर आभाळ कोसळतं का?

पण तू पैशासाठी गेली नाहीस, हे मला ठाऊक आहे. पुरोहितांनी लॉरीच्या समोरच्या पट्टीवरचा कागद काढला आणि पिवळी अक्षरं उघडी झाली तेव्हा मी तुझ्याकडेच पाहत होतो. तुला आनंद होईल अशी माझी समजूत होती. आपल्या मुलीचं नाव सव्वीस वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नाही. मला वाटलं, आता वाळयारच्या नाक्यापासून काशीपर्यंत रस्त्यावरचा जो तो वाचेल, तेन्मोळी.

रंगारी अंगमुत्तूनं अक्षरं काढताना विचारलं होतं, "नात का, मास्तर?"

"मुलगी."

"कुठे दिली?"

"लांब," मी म्हणालो.

त्यानं 'ळी'ची वेलांटी अशी झोकदार वळवली की मी बघतच राहिलो. मागच्या फळीवर दोन ओळी माझ्या आहेत. 'उंचावरून पाहा, मुली, सगळं किती लहान!' आपला ड्रायव्हर वैयापुरी म्हणतो, "मास्तर, मागचा माणूस एवढं वाचत बसला तर आपल्यावरच आदळेल." पण माणूस चांगला आहे. पन्नाशीचा आहे, थट्टेखोर आहे, गाडी हळू चालवतो.

लिंबं उद्या झाडतो. तू कधी येतेस?

तुझा,
सेंगोडन

*

संकगिरी, ९ जून

पावायी,

पत्राचं उत्तर आलं नाही, म्हणून कांगेयमला तुझ्या दादांना फोन लावला. तू फोनवर येणार नाहीस हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग ते लॉरीबद्दल विचारू लागले. बत्तीस वर्षं लॉऱ्या चालवलेला माणूस, त्यांना राहवेना.

"घेताना टायर पाहिले होते का, मास्तर?"

"पाहिले की. चारही नव्यासारखे आहेत."

मग म्हणाले, "मास्तर, दहा असतात."

आणि हसत सुटले. त्यांच्या मागे आणखी कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. ती तू होतीस का? असलीस तर मला आणखी चार चुका आनंदानं करता येतील. मी लॉरी तोंड बघून घेतली, पावायी, खरं सांगतो. बाजारात अकरा उभ्या होत्या. बाकीच्यांची तोंडं चिडलेल्या माणसासारखी, हिचं तेवढं काहीतरी आठवल्यासारखं. दलाल इंजिन सुरू करून दाखवत होता, मी दिव्यांकडे बघत होतो.

हसून झाल्यावर दादांचा आवाज खाली आला. ते म्हणाले, "तिला टायरचं काही नाही. तुम्ही नाव कुठे घातलंत?"

"समोर, काचेच्या वर. सगळे घालतात तिथेच."

"सगळे जिवंतांची घालतात, नाहीतर देवाची. गेलेल्याचा फोटो आत लावतात, आरशाजवळ, फुलं घालून. हे लॉरीवाल्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पावायी तर लॉरीवाल्यांच्या घरची."

"का पण?"

"अहो, लॉरी काय जन्माला पुरते? आज ना उद्या विकावी लागते. विकताना मालकानं आपल्या हातानं पट्टीवरचं नाव पुसून द्यायचं, ही रीत आहे. पोराचं नाव पुसलं तरी पोरगं घरात भात खात बसलेलं असतं. आणि पोर नसेल तर..." चहा निवतो आहे म्हणाले आणि फोन ठेवला.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेच्या भिंतीआड वाढलेला माणूस. तिथे दगडात कोरलेलं नाव वर्षानुवर्षं राहतं.

पण तू घाबरू नकोस. मी ही लॉरी कधीच विकणार नाही. म्हणजे पुसायचा प्रश्नच येत नाही. आणि धंदा उत्तम चालला आहे. सेलमहून साबुदाणा भरतो, वर महाराष्ट्रात जातो. तिकडे उपासाचे दिवस जवळ आले की मागणी असते. पांढरी शुभ्र पोती. तेनूला साबुदाण्याचं पायसम किती आवडायचं. तिच्या नावाखाली तेच जातं आहे, हे बरं नाही का?

परतीलाही माल भरपूर मिळतो. काळजी नसावी.

सेंगोडन

*

नाशिकच्या अलीकडे, ३ जुलै

पावायी,

हे पत्र मी लॉरीत बसून लिहितो आहे. हो, मी आलो आहे. वैयापुरी नको नको म्हणत होता. "मालक गाडीत बसला की गाडी जड होते, मास्तर." मी चिंचेच्या भाताचा डबा आणि चादर घेऊन चढून बसलो. चढताना त्यानं मला मागून ढकललं. जणू पोतंच.

पुढे बसलो, पावायी. काचेजवळ.

सेलमच्या रस्त्याला लागलो आणि माझ्या कानात तेच वाक्य. 'अम्मा, इथून सगळं किती लहान दिसतं. अप्पालाही पुढे बोलव.' तिचं शेवटचं बोलणं. तू मला दवाखान्याच्या फाटकापाशी सांगितलंस, त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की मी ते मनात म्हटलं नाही. वर्गात आठवीच्या पुस्तकातली नदीची कविता शिकवताना, ती नदी डोंगरावरून खाली बघते त्या कडव्याला माझा आवाज बसायचा. पोरांना वाटायचं मास्तरांना सर्दी आहे.

आता मी पुढे आलो. उशीर झाला, पण आलो. खरंच सगळं लहान दिसतं. गाई, माणसं, कोवळे माड, देवळांची शिखरं. तिला किती मजा वाटली असेल! मी वैयापुरीला म्हणालो, "जरा हळू घे, बघू दे." त्यानं हळू घेतली. बघायचंय कुणाला, हे त्यानं विचारलं नाही.

इथे साबुदाणा उतरवून बरेच दिवस झाले. परतीच्या मालासाठी थांबलो आहोत. लॉऱ्यांच्या रांगेत उभे. इथे कुणाला आपली अक्षरं वाचता येत नाहीत. चहावाल्यानं काल वर बघून विचारलं, "ते गोलगोल काय लिहिलंय हो अण्णा?" मी म्हणालो, "मुलीचं नाव." "छान," म्हणाला आणि दोघांना साखर जास्त घालून चहा दिला. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ झालं.

माल मिळत नाही असं नाही. पहिल्याच दिवशी दलाल आला होता. राणीपेटच्या कारखान्यांसाठी कच्ची कातडी. मिठात घातलेली, ओली. चांगलं भाडं. मी नको म्हणालो.

वैयापुरी माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तर, वास चार दिवसांत जातो. फिनाइलनं धुऊन देतो मी."

"तिच्या नावाखाली कातडी नेणार?"

"लॉरी आहे ही, मास्तर, देवाची पालखी नाही. लॉरी सगळं नेते. गूळ नेते, खत नेते, प्रेतही नेते."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. त्याला काही माहीत नाही, तरी चावली. मग खाली उतरून तो उगीच टायरांवर हातोडी मारत फिरत राहिला. दहाही टायरांवर.

त्यानंतर कांदा आला होता. पावसात भिजलेला, पाणी गळणारा. मी म्हणालो, चांगला कोरडा येऊ दे. कोरडा आला तो दुसऱ्याच लॉरीत चढला.

मिळेल काहीतरी. बघ, जग किती मोठं आहे. आणि वरून किती लहान.

सेंगोडन

*

संकगिरी, ३० जुलै

पावायी,

जूनच्या पत्रात धंदा उत्तम चालला आहे असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. तेव्हाही परतीला अर्धीच गाडी भरायची. नाशिकहून तर आम्ही रिकामे आलो. एवढ्या लांबून रिकामी लॉरी आणणारा मालक पाहायला संकगिरीच्या बाजारात माणसं गोळा झाली असती, पण वैयापुरीनं गाडी वळशाच्या रस्त्यानं घरी आणली. माझी अब्रू राखली त्यानं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली आणून ओट्यावर ठेवली.

"माझ्या दोन पोरी शिकताहेत, मास्तर. त्यांचीही नावं लिहायची असतात, फीच्या पावतीवर. गाडी उभी राहिली की माझा भत्ता उभा राहतो."

"एक महिना थांब."

"तुम्ही कातडी नेऊ देता का? सिमेंट? कोंबडीखत?"

मी ओट्यावरची किल्ली उचलली.

"मग महिन्यानं काय वेगळं होणार?" तो जायला निघाला, पण पायरीवर थांबला. "वाईट वाटून घेऊ नका. असा मालक मला परत मिळणार नाही. वाटेत कविता कोण म्हणतो? मला ती नदीची पाठ झाली. पण पोरींना कविता खायला घालता येत नाही ना."

तेव्हापासून लॉरी दारात उभी आहे. हप्ते थकले. त्यात आडीचा अशुभ महिना, कुणी नवा करार करत नाही, कुणी ड्रायव्हर यायला तयार नाही. पुढच्या डाव्या टायरची हवा हळूहळू जाते आहे, म्हणून ती एका बाजूला मान कलवल्यासारखी दिसते. तेनू गणित येईना की अशीच उभी राहायची. समोरच्यांची कोंबडी तिच्याखाली अंडी घालते. मी सकाळी पट्टी पुसतो. बाकी काय करणार?

पावायी, त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी तुला माझ्या बाजूनं सांगतो. तुझ्या बाजूचं तू सांगितलं आहेसच, त्या एका वाक्यात.

दुपारी ताप डोक्यात गेला आणि ती झटके देऊ लागली. गावात मोटार मिळेना. शेंगांची पोती भरून सेलमला निघालेल्या लॉरीसमोर मी हात पसरून उभा राहिलो. ड्रायव्हर शिवी देत थांबला, मग तिला पाहिलं आणि त्याचं तोंड बदललं. पुढे त्याच्याशेजारी एकाच माणसाची जागा होती. "आईला बसवा," तो म्हणाला. तू चढलीस, मी तिला तुझ्या मांडीवर दिली, तिचे पाय गिअरकडे आले तर त्यानं हातानं अलगद सरकवून ठेवले. मी मागे चढलो, पोत्यांवर. पुढे बघायला मधे लाकडी फळी. फळीला एक भेग होती, तिला डोळा लावून बसलो. दिसली ती फक्त तुझ्या अंबाड्यातली अबोलीची फुलं. सगळा रस्ता मी ती फुलं बघत गेलो आणि मनात कविता म्हणत गेलो. एक संपली की दुसरी. येत होत्या तेवढ्या सगळ्या. मला वाटत होतं, थांबलो तर काहीतरी होईल.

सेलमला डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. मग फाटकापाशी तू ते वाक्य सांगितलंस. त्या वाक्यानं मला घरी आणलं, पावायी. नाहीतर मी तिथेच बसून राहिलो असतो.

लॉरी का घेतलीत, असं तुझ्या दादांनी तीनदा विचारलं. हे त्यांना कसं सांगू, की तिनं मला पुढे बोलावलं होतं?

सेंगोडन

*

संकगिरी, २६ ऑगस्ट

पावायी,

फायनान्सवाले येऊन गेले. दोघे जण, इस्त्रीचे शर्ट घातलेले. गाडी ओढून न्यायला आले होते. एक जण माझा विद्यार्थी निघाला. कुठल्या साली ते मला आठवलं नाही, त्याला माझा मार आठवत होता. चप्पल बाहेर काढून आत आला. "ऐया, ओढून नेली तर मिळतील ते कवडीमोल. तुम्हीच गिऱ्हाईक बघून विका, आमचं फेडा. महिनाअखेरपर्यंत मी वर काही बोलत नाही."

जाताना त्यानं समोरून लॉरी पाहिली आणि विचारलं, "नात का, ऐया?"

या वेळी मी म्हणालो, "मुलगी. दहा वर्षांची असताना गेली."

तो पायात चप्पल घालायचंही विसरला, रस्त्यापर्यंत अनवाणी गेला, मग परत आला.

गिऱ्हाईक मिळालं आहे. धर्मपुरीकडचा माणूस, ग्रॅनाइटचे दगड वाहणार आहे. त्यानं टायर पाहिले, दहाही. चासीखाली शिरला, तेल बोटावर घेऊन हुंगलं. वर अक्षरांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. चांगला व्यापारी आहे. शुक्रवारी सकाळी न्यायला येतो.

तू जाणत होतीस हे. पूजेच्या दिवशी, कापूर जळत असतानाच, तुला हा शुक्रवार दिसला होता. मला चांगल्या रस्त्यांची स्वप्नं पडत होती.

मी अंगमुत्तूकडे गेलो होतो. म्हणालो, तूच ये आणि तूच पूस, तुझीच अक्षरं आहेत. तो ब्रश धूत होता. "मास्तर, मला तुम्ही लांब दिली म्हणून सांगितलंत."

"खोटं नव्हतं ते."

"खोटं नव्हतं, पण मला कळलं असतं तर मी आत लिहून दिलं असतं, छोटंसं, फोटोखाली. आणि हात जोडून सांगतो, पुसायला मला बोलावू नका. हे घरच्यांनी करायचं असतं." रॉकेलची बाटली आणि चिंध्या दिल्या. पैसे घेतले नाहीत.

घरचे म्हणजे मी एकटाच आहे इथे.

मी पुष्कळ वेळ विचार केला, तुला कळवावं की नाही. तू तिला एकदा हातांतून दिलीस, हे दुसऱ्यांदा पाहायला मी कुठल्या तोंडानं बोलावू? पण न कळवता केलं तर तेही तुझ्यापासून चोरून केल्यासारखं होईल. एकदा विचारल्यावाचून नाव घातलं, आता विचारल्यावाचून पुसणार नाही.

शुक्रवारी सकाळी, ऊन वर यायच्या आत. तू आली नाहीस तरी मी समजेन.

सेंगोडन

*

संकगिरी, ३० ऑगस्ट, संध्याकाळ

पावायी,

तू आता कांगेयमला पोचली असशील. दादांनी बसमध्ये खिडकी धरून दिली होती ना? दुपारचं ऊन त्या बाजूला येतं.

तुला येताना पाहिलं तेव्हा मी शिडीवर होतो, हातात चिंधी, आणि अजून एकही अक्षर पुसलं नव्हतं. तू दारातून आत गेली नाहीस. सरळ लॉरीपाशी आलीस आणि चढायच्या दांडीला हात घातलास. तुझे गुडघे, ती उंची. दादा म्हणाले, "वेडी आहेस का, पडशील." मी शिडीवरून उतरून तुला हात दिला. चार महिने होत आले, तेवढाच स्पर्श. तू आत जाऊन काचेजवळ बसलीस, मांडी घालून, पदर सारखा करून, आणि मांडीवर हात ठेवलेस, तळवे वर करून.

आणि म्हणालीस, "तेनूचे अप्पा, वर या. पुढे बसा."

तेनूचे अप्पा! सव्वीस वर्षांनी हाक मारलीस ती.

मी वैयापुरीच्या जागेवर बसलो. बाहेर दादा आणि धर्मपुरीचा माणूस घड्याळ बघत उभे होते. तू काचेतून समोर बघत बोललीस, माझ्याकडे बघितलं नाहीस. तुझे शब्द मी इथे लिहून ठेवतो, कारण परत विचारायचं धाडस मला होणार नाही.

"ती काही बोलली नव्हती हो. चढताना एकदा अम्मा म्हणाली, तेवढंच. पुढे घाटापाशी तिचा हात जड झाला. ड्रायव्हरला कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी हळू केली, घाई कशाला आता, म्हणून. मी त्याला म्हटलं, जोरातच घ्या, मागे तिचे वडील आहेत, त्यांना कळू देऊ नका. आम्ही सेलमपर्यंत तशाच आलो, ती आणि मी. तुम्ही मागून उतरलात तेव्हा तुमचे ओठ हलत होते. कविता म्हणत होतात. मला ते बघवेना. काहीतरी द्यायला हवं होतं तुम्हाला. माझ्याकडे काही नव्हतं, तर मी ते वाक्य केलं."

मग तू म्हणालीस, "एका वाक्याची तुम्ही लॉरी कराल हे मला काय ठाऊक? पूजेला ते मागच्या फळीवर वाचलं आणि मी आत जाऊन पिशवी भरली. खोटं होतं ते. आणि त्यावर कापूर ओवाळायचा?"

मला बोलता आलं नाही, तर तू समजलीस मला राग आला. तू उतरलीस, माझ्या हातातली चिंधी घेतलीस, शिडीवर चढलीस. दादा ओरडले. तू पहिलं अक्षर पुसलंस, दुसरं मी. 'ळी' आपण दोघांनी मिळून पुसली. वेलांटी निघता निघत नव्हती. अंगमुत्तूनं रंग चांगला वापरला होता. मागच्या ओळी मी पुसायला गेलो तर धर्मपुरीचा माणूस म्हणाला, "राहू द्या हो ते, छान आहे. असंच काहीतरी हवं असतं मागे." मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान वळवलीस. म्हणून ते राहिलं.

लॉरी गेली. दारात तेलाचा डाग आहे आणि कोंबडी गोंधळून फिरते आहे. तू एक घोट पाणी प्यायलीस आणि दादांबरोबर निघून गेलीस. मी थांब म्हणालो नाही. मला वाटलं, मी आता जे बोलेन ते पाठ केलेलं वाटेल.

म्हणून लिहितो. मला राग आला नाही, पावायी. दुपारभर मी ओट्यावर बसून तो रस्ता पुन्हा आठवला. त्या फळीच्या भेगेतून मी तुझ्या केसांतली फुलं बघत होतो आणि मला वाटत होतं, पुढे काहीतरी जिवंत आहे. पुढे तू होतीस, एकटी, तिला धरून, सगळा रस्ता एक शब्द न काढता, मागच्या माणसाला कळू नये म्हणून. आणि मी मागे बसून दुसऱ्यांच्या कविता म्हणत होतो.

जन्मभर शाळेत कविता शिकवल्या. त्यात जिच्यावर मी सव्वीस वर्षं जगलो ती दोन ओळींचीच होती, आणि ती कुणी केली हे मला आज कळलं. तू तिला खोटं म्हणू नकोस. कुणीतरी मला पुढे बोलावलंच होतं ना? तिनं नाही, तर तू.

मला घरी ये म्हणायचं आहे, आणि तेही धड लिहिता येत नाही. तू आली नाहीस तर मी रविवारच्या बसनं कांगेयमला येईन. दादांच्या ओट्यावर बसेन. तू बोलली नाहीस तरी चालेल. सेलमपर्यंत तशीच बसली होतीस, मीही बसेन.

एकच मागणं आहे. शिडीवरून उतरताना तुझ्या पदराला पिवळा रंग लागला, उजव्या खांद्याशी. तू पाहिलं नसशील. रॉकेलनं निघतो तो.

एवढ्यात काढू नकोस.

तेनूचे अप्पा